आधी मी बघून येते

अक्का, तू दिलेलं वहीचं पान मी शेवटी वाचलं. तू जाऊन अठरा दिवस झाले होते तेव्हा. तू होतीस तोवर वाचलं नाही, कारण मी रुसले होते. चौसष्टाव्या वर्षी कुणी असं रुसतं का, असं तू फोनवर विचारलंस. रुसतं. मी अजूनही रुसलेलीच आहे. सध्या जो तो तुझ्याबद्दल इतकं गोड बोलतोय की कुणीतरी एकानं तक्रार करायला हवीच, आणि तो मान धाकट्या बहिणीचा.

भांडण कशावरून झालं ते तुला ठाऊक आहे. तरी पुन्हा सांगते, कारण माझी बाजू तू कधी पुरती ऐकून घेतली नाहीस.

आपली आई मायावरमची, तंजावरकडच्या मराठी घरातली. सात वर्षांची असताना तिला बैलगाडीतून तरंगमबाडीचा किल्ला बघायला नेलं होतं. बेंगळुरात लग्न होऊन आली, इथेच म्हातारी झाली, पण आपल्याला भात भरवताना तिला तो किल्लाच आठवायचा. "इंग्रजांचा नव्हे ग, डेन्मार्कवाल्यांचा. पिवळा. इतका समुद्राला लागून की लाट येते, भिंतीला हात लावते आणि परत जाते." आई गेली त्या वर्षी आपण दोघींनी ठरवलं की तिथे बरोबर जायचं. आधी तुझ्या श्रीधरची दहावी आली, मग माझ्या सासूबाईंचं आजारपण, मग भावजी गेले, मग माझे गुडघे. बत्तीस वर्षं आपण ठरवतच राहिलो. मला त्याचं काही वाटायचं नाही. आपल्या दोघींचं म्हणून एक न पाहिलेलं ठिकाण शिल्लक आहे, एवढ्यावर मी खूश होते.

आणि मग यंदा संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. मी सकाळी चहा घेताना फोन उघडला, तर मुग्धाच्या स्टेटसला तू. साडी गुडघ्यापर्यंत उचललेली, पायाशी लाट, मागे तो किल्ला. तू मान मागे टाकून हसत होतीस. तुला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं, ते मला आठवेना. खाली तिनं लिहिलं होतं, 'विथ माय अक्का'.

माय. बनशंकरीच्या तुझ्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलेली पुण्याची पोरगी. पुरती दोन वर्षंही झाली नव्हती तिला येऊन. तुला अक्का म्हणायची आणि मला मावशी. अक्काची बहीण मावशी कशी, असं मी तिला एकदा विचारलंही होतं, तर म्हणाली, "अय्या, मला वाटलं अक्का हे नावच आहे त्यांचं." तू त्यावर हसलीस. मी नाही हसले. तो शब्द या जगात आधी मी वापरलाय, मला नीट बोलताही येत नव्हतं तेव्हापासून.

मत्सर वाटला, अक्का. सरळ सांगते. चहा तसाच राहिला. सूनबाईनं विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, पोटात दुखतंय. खोटं नव्हतं ते.

तुला फोन लावला.

"गेली होतीस?"

"हो ग पुट्टी. स्वल्प बघून आले. आता तुला घेऊन जाते."

"बघून आलीस म्हणजे? काय ठरलं होतं आपलं?"

"अग, तुझे गुडघे नकोत का बघायला? पायऱ्या किती, धरायला काही आहे की नाही, बाथरूम कुठाय. मुग्धाला सुट्टी होती, म्हटलं आधी मी बघून येते."

आधी मी बघून येते. हे वाक्य मी जन्मभर ऐकलं. इथल्या लालबागेतल्या खडकावर आधी तू चढायचीस आणि वरून ओरडायचीस, "काही नाही ग, नुसतं गाव दिसतं." मग मी धापा टाकत वर पोचले की मलाही नुसतं गावच दिसायचं. माझं लग्न ठरलं तेव्हा तू कुठल्याशा व्रताचं निमित्त काढून माझ्या सासरच्या स्वयंपाकघरात जाऊन आलीस आणि मला सांगितलंस की ओटा उंच आहे, पाट लागेल. बेळ्ळंदूरला मुलाचा चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट झाला, तर आम्ही राहायला जायच्या आदल्या दिवशी तू एकटीनं लिफ्टमधून दोनदा वरखाली केलंस आणि फोन केलास, "दहाव्याला कान बंद होतात. आवंढा गिळायचा, सरी, कळलं?" दुसऱ्या दिवशी मी दहाव्या मजल्याची वाट बघत उभी. कान बंद झालेच.

लोक म्हणायचे, काय नशीबवान आहेस, अशी बहीण. आहेच मी नशीबवान. दुधाला हात लावून गरम आहे का ते तू बघायचीस, म्हणून माझी जीभ कधी भाजली नाही. पण माझ्या आयुष्यातली एकही गोष्ट माझ्यापर्यंत कोरी आली नाही, अक्का. सगळं तुझं उष्टं. प्रेमानं उष्टं केलेलं, पण उष्टंच.

आणि सगळ्यात मोठं तर मी तुला कधी बोलूनच दाखवलं नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा मी घरून डबा घेऊन पोचले, तर तू खोलीतून नाही, व्हरांड्यातून माझ्याकडे आलीस आणि माझे दोन्ही हात धरलेस. "गेली ग. शांत गेली. शेवटी तुझंच विचारलं, पुट्टी जेवली का म्हणून." बत्तीस वर्षं मी त्या वाक्यावर जगले आणि बत्तीस वर्षं तुझा हेवा केला. वाक्य माझ्यासाठी होतं, पण ते ऐकलं तू. तेवढं एक तरी माझ्या कानांनी मला ऐकायचं होतं.

तेव्हा किल्ल्यावरून मी जे बोलले ते नुसतं किल्ल्यावरून नव्हतं. "मला काही बघून यायला सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "दोघींनी पहिल्यांदा बघायचं होतं. दोघींनाही काही माहीत नसताना." तू म्हणालीस, "बरं, मग जिन्यावर अडकून बसली असतीस." मी फोन ठेवला.

तू ऐकणारी थोडीच. चार दिवसांनी भर रहदारीत दोन बस बदलून बेळ्ळंदूरला आलीस, डब्यात गोज्जवलक्की आणि पर्समध्ये वहीचं पान. "सगळं लिहिलंय. आतलं, बाहेरचं. वाच ग." मी म्हटलं, वाचेन. चिंचेचे पोहे मी खाल्ले. रागात पोहे खायला हरकत नसते. पान मात्र कपाटाच्या खणात टाकलं. तीन आठवड्यांनी तू गेलीस, आणि पुढच्या काही दिवसांबद्दल मला इथे लिहायचं नाही.

पान मी वाचलं ते श्रीधर परत अमेरिकेला गेला त्या दिवशी. तुझं ते उजवीकडे कललेलं अक्षर. गाडी अगदी दारापर्यंत जाते. आत गेल्यावर अंगण मोठं आहे, ऊन लागतं, छत्री घे. पायऱ्या उंच आहेत, डाव्या हातानं भिंत धर. संग्रहालयात देवमाशाची हाडं आहेत, आपल्या दाराएवढी, दचकू नकोस. चिनी मातीच्या बशा आहेत, तू तिथेच रेंगाळशील आणि पाय भरून येतील, म्हणून आधी बसून घे. तलवारी आहेत, त्या नाही बघितल्यास तरी चालेल. आणि शेवटी, लाट भिंतीला हात लावते, आई सांगायची तशी.

मी मुग्धाला फोन केला. वाट माहीत असलेलं दुसरं कुणी नव्हतं. मी तिच्याबरोबर गेले नाही, तिला वाट दाखवायला नेलं, हा फरक मी मनात पक्का ठेवला होता. मायावरमपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी. वाटेत ती म्हणाली, "मावशी, अक्का सारख्या तुमच्याबद्दलच बोलायच्या." लोकांना वाटतं असं सांगितलं की बरं वाटतं. माझ्याबद्दल तिच्याशी बोलायचीस, म्हणजे तेवढा वेळ माझ्याशी बोलत नव्हतीस.

गावाच्या पांढऱ्या वेशीतून आत शिरलो. रस्त्याच्या टोकाला समुद्र, आणि उजव्या हाताला तो. पिवळा, उन्हानं विटलेला, आईनं सांगितला त्याहून पुष्कळ लहान. बाहेर एक म्हातारी शहाळी विकत होती. तिनं मुग्धाला ओळखलं. मग माझ्याकडे, खरं तर माझ्या गुडघ्यांकडे बघून तमिळमध्ये विचारलं, हीच का ती धाकटी? आईमुळे तेवढं तमिळ मला कळतं. हिला माझे गुडघे कसे ठाऊक, असं वाटलं, पण मुग्धानं मला जवळजवळ ओढतच पुढे नेलं.

समुद्राच्या बाजूनं आधी बघितलं. लाट भिंतीला हात लावत नाही, अक्का. मध्ये वाळू आहे, मोठाले दगड टाकलेत. तू त्या वाळूतच उभी होतीस, फोटो आहे. तरी पानावर तसं लिहिलंस. मी म्हटलं, असू दे, आईचा शब्द राखला हिनं.

मग पायऱ्या. डाव्या हातानं भिंत धरून चढले. पान माझ्या हातात होतं आणि मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. पायऱ्या खरंच उंच. देवमाशाची हाडं खरंच मोठी. बशांपाशी मी खरंच रेंगाळले, आणि तू सांगितलंस म्हणून मुद्दाम बसले नाही. कुठल्याशा थंड देशातली माणसं इतक्या लांब येऊन, या उकाड्यात, असल्या नाजूक बशांतून काय खात असतील, असा विचार करत पुढे सरकले, आणि काचेपलीकडे ते दिसलं.

आईचं दगडी भांडं. म्हणजे आईचं नव्हे, पण तसंच. तोच काळपट करडा दगड, काठाला तशीच जाड कड, कडेला धरायला तसेच दोन कान. ज्यात आई आमटी करायची, आणि जी विस्तवावरून उतरल्यावरही अर्धा तास खदखदत राहायची. आई गेल्यावर ते थोरलीकडे म्हणून तुझ्याकडे गेलं. तेव्हाही मी काही बोलले नव्हते.

"अय्या," मुग्धा मागून म्हणाली, "सेम माझ्याकडे आहे."

मी वळून बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"अक्कांनी दिलंय, मावशी. डिसेंबरमध्ये. म्हणाल्या, पुट्टीला आता उचलवणार नाही."

तिच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि तुझ्यावर तर त्याहून. पण त्याच वेळी दुसरंच काहीतरी डोक्यात आलं. मी पान पुन्हा वाचलं. हाडं आहेत, बशा आहेत, तलवारीसुद्धा आहेत. भांडं नाही. लग्नाच्या पंगतीत नवरीऐवजी आचाऱ्याची पातेली बघणारी तू. तू या खोलीत आली असतीस तर पहिलं तेच दिसलं असतं, आणि पानावर पहिलं तेच लिहिलं असतंस.

"मुग्धा, अक्का इथे आत आली होती का?"

ती ओढणीशी चाळा करत म्हणाली, "मावशी, त्यांनी मला शपथ घातली होती."

तू आलीस तो शुक्रवार होता, तिनं सांगितलं. साडेदहा ते बारा राहूकाळ. नवीन ठिकाणी राहूकाळात पाऊल टाकायचं नाही, म्हणून तू त्या पोरीला घेऊन चहाच्या टपरीवर बसलीस. बारा वाजून पाच मिनिटांनी पदर सावरून दाराशी गेलीस, तर कुलूप. शुक्रवारी सुट्टी असते. सकाळपासूनच बंद होतं ते. दीड तास तू बंद दाराचा मुहूर्त बघत बसलीस, अक्का. राहूकाळ पाहिलास आणि सुट्टी पाहिली नाहीस. आणि संध्याकाळी परतीची गाडी होती.

"आधी रडल्याच," मुग्धा म्हणाली. "म्हणे पुट्टीला आता काय सांगू. मग त्या शहाळेवाल्या आजींना गाठलं. त्या पूर्वी इथे झाडलोट करायच्या. तासभर त्यांना एकेक विचारत होत्या. पायऱ्या, बाथरूम, आत काय काय. सगळं लिहून घेतलं. आणि मग समुद्रावर गेलो, तर एकदम हसायलाच लागल्या. लिटरली थांबेचनात. तेव्हाचा फोटो आहे तो."

म्हातारीनं भांडं सांगितलं नाही, कारण तिला त्याचं काय कौतुक. तिच्या घरी असेल तसलं.

मी तिथल्या बाकावर बसले. आता खरंच पाय भरून आले होते. तुला वाटेल, मी विरघळले. नाही. मला आधीपेक्षा जास्त हेवा वाटला. कारण तू माझ्यासमोर कधी चुकली नाहीस. एकदाही नाही. मला नेहमी सगळं माहीत असलेली अक्का मिळाली, आणि त्या पोरीला मिळाली राहूकाळ संपायची वाट बघून कुलपाशी उभी राहिलेली, रडलेली आणि मग साडी उचलून पाण्यात हसत सुटलेली. ती मला का नाही दाखवलीस? मीही हसले असते ग. तुझी आयुष्यभर टिंगल केली असती, दर शुक्रवारी फोन करून विचारलं असतं की आज कुठल्या कुलपाचा मुहूर्त आहे. आपल्या दोघींची राहिलेली वर्षं त्यावर मजेत गेली असती. तुला वाटलं, बघून न आलेली अक्का पुट्टीच्या काही कामाची नाही.

मुग्धा शेजारी येऊन बसली. "ते भांडं तुम्ही घ्या ना मावशी. मी आणून देते."

"राहू दे. मला कुठे उचलवतंय." हे मी मनापासून म्हटलं नव्हतं, आणि तिनं ते खरं मानलं. "त्यात आमटी करतेस?"

"करते. पण अक्कांसारखी नाही होत."

हे ऐकून मला फार बरं वाटलं.

ती बाहेर शहाळी आणायला गेली आणि मी एकटी राहिले. खिडकीतून वारा येत होता. तेव्हा मला दवाखान्याचा तो व्हरांडा आठवला. तू खोलीतून नाही, व्हरांड्यातून आली होतीस. इतकी वर्षं हे मला आठवत होतं आणि त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. त्या खोलीचं दारही बंद होतं का, अक्का? डॉक्टरांनी तुलाही आत सोडलं नव्हतं का? 'पुट्टी जेवली का' हे आई म्हणाली, की बाहेरच्या बाकावर बसून, मी रिकाम्या हातानं परत जायला नको म्हणून, तू माझ्यासाठी लिहिलेलं ते पहिलं पान होतं?

विचारायला आता कुणी नाही. आणि तसं असेल तर ज्या गोष्टीसाठी मी तुझा बत्तीस वर्षं हेवा केला, ती तुझ्याकडेही नव्हती. तूही माझ्यासारखीच बाहेर होतीस. फक्त तू ते एकटीनं ठेवून घेतलंस आणि मला जेवायला पाठवलंस. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले होते. तू जेवलीस का, हे मी विचारलं नव्हतं. आज विचारते.

तर ऐक आता. आत तुझ्या आधी मी गेले आहे, तेव्हा या वेळी मी सांगते. हाडं दाराएवढी नाहीत, त्याहून थोडी कमी. बशांच्या काठाला निळी वेल आहे, एक बशी मध्ये तडकली आहे. तलवारी खरंच नाही बघितल्या तरी चालतील. भांड्याच्या तळाला काळं आहे, म्हणजे कुणीतरी त्यात खरोखर रांधलंय. बसायला बाक आहे, वारा चांगला येतो, आणि खिडकीत उभं राहिलं की मधली वाळू दिसत नाही. लाट थेट भिंतीपर्यंत आल्यासारखी दिसते. आईला कुणीतरी उचलून या खिडकीत धरलं असणार. हे मला सापडलं, तुझ्या पानावर नव्हतं. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे कोरी गोष्ट आहे, आणि ती सांगायला माझ्याकडे तू नाहीस.

बाहेर आल्यावर म्हातारीनं विचारलं, थोरली का नाही आली? मी म्हटलं, ती पुढे गेलीय.

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. पुढेच गेली आहेस तू. तुझ्या सवयीनं, मला न विचारता, आधी बघून यायला. मी तुला ओळखते. दार बंद असलं तर तिथल्या कुणालातरी गाठशील, पायऱ्या किती ते विचारशील, लिहून काढायला बसशील. तसलं काही करू नकोस, अक्का. मला पान नको. बाहेरच पायरीवर बस, माझ्यासाठी जागा ठेव, आणि मी येईपर्यंत दार उघडलं तरी आत जाऊ नकोस.